‘चेक’ शब्दाचें कुलवृत्त

बँकेंतून पैसे काढतांना आपण ज्या कागदावर सही करतों तो ‘चेक’. चौकड्यांच्या कापडाचा सदरा शिवावयास टाकला तर शिंपी त्या कापडास ‘चेक्स’ म्हणतो. आगगाडींत तिकिटें ‘चेक’ होतात, आणि शाळेंतील मास्तर मुलांच्या वह्या ‘चेक’ करतात. हे चार चेक आपल्या घरांत इतके रुळलेले आहेत कीं त्यांपैकीं एकासही कोणी आतां परका पाहुणा समजत नाहीं. परंतु कागद, कापड आणि तपासणी यांचा एकमेकांशीं संबंध काय, असा प्रश्न केला तर बहुतेक जण ध्वनीचा योगायोग म्हणून तो सोडून देतील. इंग्रजींत असे योगायोग पुष्कळ आहेत. कुत्र्याचें भुंकणें म्हणजे ‘बार्क’ आणि झाडाची सालही ‘बार्क’च, पण हे दोन शब्द मुळांत अगदीं निरनिराळे असून कालांतरानें त्यांचा उच्चार तेवढा एक झाला आहे. ‘चेक’ची गोष्ट तशी नव्हे. वर सांगितलेले चारही चेक एकाच घराण्यांतले आहेत; इतकेंच नव्हे, तर त्यांचा एक चुलतभाऊ इंग्रजांच्या आगमनापूर्वीपासून आपल्या भाषेंत नांदत आहे. तो म्हणजे बुद्धिबळांतील ‘शह’.

हें कुलवृत्त सांगण्याचें कारण निव्वळ कुतूहल नव्हे. शब्दांच्या व्युत्पत्तीसंबंधानें आपल्याकडे दोन खोडी फार आहेत. ध्वनि जुळला कीं नातें जुळलें असें मानणें ही एक, आणि जें जें चांगलें तें तें मूळचें आमचेंच असें सिद्ध करण्याची घाई ही दुसरी. ‘चेक’च्या इतिहासांत या दोन्ही खोडींना भुरळ पाडणारीं स्थळें आहेत, म्हणून तो जरा सावकाश पाहण्यासारखा आहे.

आरंभ आपल्याच देशांत होतो, पण तो शब्दाचा नव्हे, खेळाचा. हत्ती, घोडे, रथ व पायदळ अशा चार अंगांच्या सैन्यावरून ज्याला ‘चतुरंग’ म्हणत, तो खेळ इसवी सनाच्या सातव्या शतकांत येथें परिचयाचा होता. बाणभट्टानें हर्षचरितांत चतुरंग आणि अष्टापद, म्हणजे आठ आठ घरांचा पट, यांवर श्लेष केलेला आहे. आणि श्लेष करावयाचा तो वाचकांस ठाऊक असलेल्या शब्दांवरच. येथून हा खेळ इराणांत गेला. हिंदुस्थानच्या राजानें तो पहिल्या खुस्रूच्या दरबारीं कोडें म्हणून पाठविला आणि बुजुर्गमिहर नामक प्रधानानें तें सोडविलें, अशी कथा एका जुन्या पहलवी ग्रंथांत आहे व फिर्दौसीच्या शाहनाम्यांतही ती आली आहे. कथेचा तपशील कथेसारखाच घ्यावा. पण खेळ हिंदुस्थानांतून आला ही इराणी लोकांची स्वतःची कबुली तींत आहे, हें महत्त्वाचें. ‘चतुरंग’चें तिकडे ‘चत्रंग’ झालें, आणि सातव्या शतकांत अरबांनीं इराण जिंकल्यावर, त्यांच्या भाषेंत ‘च’ व ‘ग’ हे ध्वनि नसल्यामुळें, ‘चत्रंग’चें ‘शत्रंज’ झालें.

इराणी खेळाडूंनीं या खेळांत एक दरबारी शिष्टाचार आणला. राजावर मारा आला म्हणजे प्रतिपक्षानें गुपचूप डाव साधावयाचा नाहीं, तर ‘शाह!’ म्हणजे ‘महाराज!’ अशी हाक देऊन सावध करावयाचें; आणि सुटकेची वाट उरली नाहीं म्हणजे ‘शाह मात’, राजा हतबल झाला, असें म्हणावयाचें. अरबींत ‘माता’ म्हणजे ‘मेला’, म्हणून ‘राजा मेला’ असाही अर्थ कोणी कोणी करतात. परंतु बुद्धिबळांत राजा मरत नाहीं, तो अडकतो, आणि फारशी अर्थच खेळाला अधिक शोभतो. हा ‘शाह’ शब्द फार जुना. दरायस बादशहाच्या बेहिस्तून येथील शिलालेखांत, म्हणजे इसवी सनापूर्वीं ५२० च्या सुमारास, तो ‘ख्शायथिय’ या रूपानें आढळतो. आपल्या ‘क्षत्र’ व ‘क्षत्रिय’ या शब्दांचा तो आप्त आहे. आप्त म्हणजे वंशज नव्हे, हें मात्र येथेंच बजावून ठेवलें पाहिजे. दोन चुलतघराण्यांचा मूळपुरुष एक असतो, म्हणून एक घराणें दुसऱ्याच्या पोटीं जन्मलें असें होत नाहीं.

पुढें मुसलमानी अमलांत हा खेळ फारशी पोशाखांत आपल्याकडे परत आला. मराठी माणूस ‘बुद्धिबळें’ असें चोख देशी नांव घेऊन खेळावयास बसतो, पण पटावर हात ठेवतांच त्याच्या तोंडीं वजीर, प्यादें, शह, मात हे शब्द येतात. शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करवून दरबारांतील फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देवविले; बुद्धिबळाच्या पटावरून मात्र फारशी हलली नाहीं. किंबहुना ‘शह’ पटावरून उतरून संसारांत आला. एका पक्षानें दुसऱ्यास शह दिला, त्यानें काटशह दिला, असें आपण म्हणतों तेव्हां ‘राजा’ हा अर्थ कोणाच्याही मनांत नसतो. अडवणें, जागच्या जागीं खिळवणें, हाच असतो. ज्या शब्दानें राजास हाक मारावयाची त्याच शब्दानें राजास कोंडणें सूचित व्हावें, हा मोठा मौजेचा पालट आहे. आणि आतां दिसेल कीं इंग्रजींतही त्या शब्दाचें नेमकें हेंच झालें, तेंही मराठीला न विचारतां.

पश्चिमेकडची वाट स्पेन व इटली यांमधून गेली. दहाव्या शतकाच्या अखेरीस या खेळाचें लॅटिन पद्यांत केलेलें वर्णन स्वित्झर्लंडांतील आइन्सीडेल्नच्या मठांत जपलेलें आहे. लॅटिन लेखणीला ‘शाह’मधला ‘श’ही पेलेना व ‘ह’ही पेलेना, म्हणून तिनें त्याचें ‘स्काकुस’ केलें. जुन्या फ्रेंचांत तोच ‘एशेक’, व अनेकवचनीं ‘एशेस’. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, आणि त्यांच्या फ्रेंच भाषेंतून हे दोन्ही शब्द कालांतरानें इंग्रजींत शिरले. आरंभींचा स्वर गळाला आणि एकवचनाचें ‘चेक’ व अनेकवचनाचें ‘चेस’ झालें. आमचे विद्यार्थी खेळाचें नांव आणि त्यांतील एक खेळी असे जे दोन वेगळे शब्द पाठ करतात, ते मुळांत ‘राजा’ आणि ‘राजे’ एवढेच आहेत. चौदाव्या शतकांत चॉसरनें ‘बुक ऑफ द डचेस’ या काव्यांत एक शोकाकुल सरदार दैवाशीं बुद्धिबळ खेळतांना दाखविला आहे. त्यांत दैव त्याचा वजीर मारतें आणि त्याला चेक देऊन मात करतें. म्हणजे तोंपर्यंत हे शब्द इंग्रजींत इतके मुरले होते कीं कवीनें त्यांवर रूपक रचावें.

एकदां पटावर शब्द पक्का झाला कीं त्याचे अर्थ फुटावयास वेळ लागत नाहीं. राजाला चेक मिळाला म्हणजे त्याचा मनसुबा तिथेंच थांबतो. म्हणून ‘चेक’ म्हणजे एकाएकीं थांबणें, माघार. घोड्याला लगाम खेंचून थांबविणें हाही चेक. शिकारी ससाणा नेमलेलें भक्ष्य सोडून मध्येंच भलत्या पांखरामागें वळला तर तोही चेक. त्यावरून आवर घालणें, दटावणें. आणि ज्याला आवर घालावयाचा त्याच्यावर नजर ठेवावी लागते, म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस तपासून पाहणें. आगगाडींतला तिकिट-तपासनीस येथें भेटला. तो आपल्या हातांत इराणच्या बादशहाचें नांव घेऊन फिरत असतो याची त्याला बिचाऱ्याला कल्पना नसते.

पण एवढ्यानें बँकेचा चेक हातीं येत नाहीं. त्यासाठीं खेळाच्या पटावरून हिशेबाच्या पटावर गेलें पाहिजे, आणि या कुलवृत्तांतील सर्वांत रम्य प्रकरण तें हेंच.

चौरस घरांच्या पटाला मध्ययुगीन लॅटिनांत ‘स्काकारियुम’ म्हणत. बाराव्या शतकाच्या आरंभीं, पहिल्या हेन्रीच्या कारकीर्दींत, सॅलिसबरीचा बिशप रॉजर याच्या देखरेखीखालीं इंग्लंडच्या राजाची हिशेबतपासणीची कचेरी आकारास आली, आणि तिला हेंच नांव पडलें. त्याचें इंग्रजी रूप ‘एक्सचेकर’. दर वर्षीं ईस्टर व मायकेलमस या दोन सणांच्या सुमारास परगण्यापरगण्यांचे शेरीफ, म्हणजे राजाचे वसुली अंमलदार, तेथें हजर होत आणि पै न् पैचा जाब देत. ११३० सालचें या कचेरीचें गुंडाळीरूप दप्तर आजही शिल्लक आहे. रॉजरच्याच घराण्यांतील रिचर्ड फिट्झनील हा दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार होता. त्यानें ११७७ च्या सुमारास या कचेरीविषयीं एक लॅटिन ग्रंथ लिहावयास घेतला. थेम्स नदीकांठच्या बुरुजाच्या खिडकीपाशीं गुरु बसलेला आहे आणि शिष्य त्याला शंका विचारीत आहे, अशी त्याची मांडणी. आपल्या शास्त्रग्रंथांची संवय असलेल्या वाचकास ती मुळींच परकी वाटणार नाहीं.

या ग्रंथांत कचेरींतल्या टेबलाचें सविस्तर वर्णन आहे. लांबी सुमारें दहा फूट, रुंदी पांच फूट. कडेला चार बोटें उंचीचा कांठ, म्हणजे वरच्या सोंगट्या घरंगळूं नयेत. त्यावर ईस्टरच्या बैठकीसाठीं विकत घेतलेलें काळें कापड अंथरीत, आणि त्या कापडावर फूटभर किंवा वीतभर अंतरानें रेघा असत. उजवीकडचा पहिला रकाना पेन्सांचा, दुसरा शिलिंगांचा, तिसरा पौंडांचा, मग विसांचा, शेंकड्यांचा, हजारांचा. शेरीफाकडून येणें असलेली रक्कम वरच्या अंगास सोंगट्यांनीं मांडावयाची, त्यानें भरलेली खालच्या अंगास. मग खालच्या सोंगट्या हिशेबांत धरून वरच्या उचलीत जावयाचें, आणि उरेल ती बाकी. पेन्सांच्या रकान्यांत अकराहून अधिक सोंगट्या राहूं द्यावयाच्या नाहींत. बारावी आली कीं सगळ्या उचलून शेजारीं एक शिलिंग ठेवावयाचा, कारण बारा पेन्सांचा शिलिंग.

हा खटाटोप कशासाठीं, असें आजच्या वाचकास वाटेल. त्याचें उत्तर रोमन अंकांत आहे. त्या अंकांत रक्कम टिपून ठेवतां येते, पण बेरीज-वजाबाकी करावयाची म्हणजे शिक्षाच. शून्य त्यांत नव्हतें. या कापडावरचा रिकामा रकाना हेंच शून्य. शिवाय कित्येक शेरीफांना अक्षरओळख नसे. त्यांना कागदावरची फसवणूक कळली नसती, पण डोळ्यांदेखत उचललेली सोंगटी कळे. स्थानपरत्वें किंमत बदलणारे अंक व शून्य हेही हिंदुस्थानांतूनच अरबांच्या मार्फत युरोपांत गेले, आणि पिसा येथील लिओनार्दोनें १२०२ सालीं आपल्या ग्रंथांत त्यांचा पुरस्कार केला. म्हणजे आपला खेळ व आपले अंक एकाच वाटेनें निघाले. इंग्लंडांत खेळ आधीं पोंचला, अंक मागाहून रुजले, आणि मधल्या काळांत त्या खेळाच्या पटाचें नांव धारण केलेल्या कापडानें अंकांचें काम केलें. मला हा योग फार हृद्य वाटतो, परंतु योग म्हणूनच. त्यांत याहून अधिक अर्थ मी वाचीत नाहीं.

शिष्य गुरूला विचारतो, कचेरीला हें नांव कां? गुरु प्रथम सरळ उत्तर देतो, कीं टेबलाचा आकार बुद्धिबळाच्या पटासारखा आहे म्हणून. शिष्याचें तेवढ्यानें समाधान होत नाहीं. तेव्हां गुरु म्हणतो कीं पटावर जसें दोन राजांचें युद्ध चालतें तसें येथें खजिनदार आणि शेरीफ यांचें चालतें, आणि इतर मंडळी सभोंवतीं बसून निकाल देतात. पहिलें उत्तर भाषाशास्त्राचें, दुसरें साहित्याचें. दोन्ही एकाच माणसानें दिलीं आहेत, आणि स्वतःच्या कचेरीविषयीं इतक्या रसिकतेनें लिहिणारा खजिनदार पुढें फारसा कोठें झाला नसावा.

मराठी वाचकास हें समजावयास आपला ‘पट’ हा शब्द पुरेसा आहे. पट म्हणजे वस्त्र; तोच सोंगट्यांचा पट, तोच बुद्धिबळाचा पट, आणि शाळेंत मुलांची हजेरी घेतात तोही पटच. कापड, खेळ आणि नोंद या तीन गोष्टी एका शब्दांत कशा राहतात हें आपणांस पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. ‘चेक्स’चें कापड याच घरचें: पटासारखीं चौरस घरें ज्यावर आहेत तें चेकर, आणि त्याचा संक्षेप चेक. इंग्लंडांत पुढें कापडावर हिशेब मांडणें बंद पडलें तरी कचेरीचें नांव गेलें नाहीं. तेथील अर्थमंत्र्यास आजही एक्सचेकरचा चॅन्सेलर म्हणतात.

या कचेरीचें दुसरें साधन म्हणजे खांचा पाडलेली लाकडी पट्टी. हिला ‘टॅली’ म्हणत. हजार पौंडांस तळहाताच्या जाडीएवढी खांच, शंभरांस अंगठ्याएवढी, विसांस करंगळीएवढी, एका पौंडास जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. मग ती पट्टी उभी चिरून अर्धी एकाकडे व अर्धी दुसऱ्याकडे द्यावयाची. वाद निघाला तर दोन तुकडे जोडून पाहावयाचे. एकानें लबाडीनें नवी खांच पाडली असेल तर दुसरीशीं ती जुळणार नाहीं. फिट्झनील सांगतो कीं ‘एक्सचेकरांत’ असें म्हणावयाच्या पूर्वीं लोक ‘टॅलींवर’ असें म्हणत. ही पद्धति १८२६ सालापर्यंत जगली. ती बंद झाल्यावर गोळा झालेल्या जुन्या पट्ट्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजीं लॉर्डांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळण्याचा हुकूम सुटला. भट्ट्या अति तापल्या, आग भडकली, आणि पार्लमेंटचीं दोन्ही सभागृहें भस्मसात झालीं. डिकन्सनें १८५५ सालच्या एका भाषणांत या प्रकाराची यथेच्छ टवाळी केली आहे.

या चिरलेल्या पट्टीमागची कल्पना ध्यानांत ठेवून आतां बँकेकडे वळूं. सतराव्या शतकांत लंडनचे सोनार व सावकार लोकांच्या ठेवी ठेवीत, आणि ठेवीदार त्यांच्या नांवें चिठ्ठी लिहून तिसऱ्यास पैसे देववी. अशा ज्या जुन्या चिठ्ठ्या उरल्या आहेत त्यांत क्लेटन व मॉरिस यांच्या पेढीवरची, फेब्रुवारी १६५९ ही तारीख असलेली, चारशें पौंडांची चिठ्ठी प्रसिद्ध आहे. आपण आज तिला चेक म्हणतों. लिहिणाऱ्यानें तें नांव कधीं ऐकलेंही नसेल. ‘चेक’ हें नांव अठराव्या शतकाच्या आरंभीं प्रथम पडलें तें चिठ्ठीला नव्हे, तर तिच्या स्थळप्रतीला. मूळ कागद फाडून दिल्यावर जो तुकडा मागें राही त्याच्याशीं ताडून खरें-खोटें पाहतां येई, लबाडीस ‘चेक’ बसे, म्हणून तो तुकडा चेक. १७१७ पासून बँक ऑफ इंग्लंडनें छापील कागद देण्यास आरंभ केला, आणि अशा कागदांच्या प्रचाराबरोबर स्थळप्रतीचें नांव हळूहळू फाडून दिलेल्या कागदावर सरकलें. नोकराचें नांव धन्यास मिळावें तसा हा प्रकार. इंग्रजींतील ‘कंट्रोल’ शब्दही असाच जन्मला आहे. तोही मुळांत दुबार ठेवलेल्या दप्तराचें फ्रेंच नांव. लबाडीस आळा घालण्याचें साधन तें दुसरी प्रत, आणि दुसऱ्या प्रतीवरून आळा घालण्याचेंच नांव, असा हा न्याय दोन्हीकडे सारखा आहे.

शब्द लिहीत मात्र ‘तपासणें’ या अर्थाच्या चेकसारखाच. १८२७ सालीं बँकव्यवसायावर ग्रंथ लिहिणाऱ्या गिल्बर्ट यानें घोटाळा टाळावा म्हणून ‘एक्सचेकर’च्या धर्तीवर वेगळी अक्षरयोजना पत्करली, ती ब्रिटनमध्यें रूढ झाली व तेथून आपल्याकडे आली. अमेरिकेनें जुनीच ठेवली. यास्तव आपण ज्या स्पेलिंगबद्दल मुलांचे गुण कापतों तें स्पेलिंग दोनशें वर्षांचें आहे, आणि तें मुद्दाम बनवलेलें आहे.

आतां त्या मोहाच्या स्थळाकडे येतों. अलीकडे असें वारंवार छापून येतें कीं ‘चेक’ हा शब्द अरबी ‘सक्क’ यापासून निघाला. फारशींत याच अर्थाचा ‘चक’ असाही शब्द आहे, व तो तर उच्चारानें अधिकच जवळचा. सक्क म्हणजे लेखी देणें. आणि अरबांमध्यें हा व्यवहार खरोखर होता. दहाव्या शतकांतील प्रवासी इब्न हौकल यानें सहाराच्या कांठच्या व्यापारांत बेचाळीस हजार दिनारांचा सक्क पाहिल्याचें लिहिलें आहे, आणि अकराव्या शतकांत नासिर खुस्रूनें बसऱ्याच्या बाजारांत सराफांवरच्या चिठ्ठ्यांनीं देवघेव चालतांना पाहिली. पुरावा भक्कम आहे. पण तो कशाचा पुरावा? चालीचा, शब्दाचा नव्हे. सक्क शब्द बसऱ्याहून लंडनास गेला असेल तर वाटेंत त्याचीं पावलें उमटलीं पाहिजेत, आणि तीं पहिल्यानें इटलींत उमटलीं पाहिजेत, कारण मध्ययुगांत पूर्वेकडचा व्यापार इटालियन व्यापाऱ्यांच्या हातीं होता. ‘दिवाण’ हा शब्द पाहा. तो अरबांकडून भूमध्यसमुद्र ओलांडून गेला आणि इटालियनांत ‘दोगाना’, फ्रेंचांत ‘दुआन’, असा जकातीच्या अर्थानें ठिकठिकाणीं स्थायिक झाला. सक्काचें तसें कोठेंच दिसत नाहीं. इटालियन लोक चेकला आजही ‘अस्सेन्यो’ म्हणतात. फ्रेंचांनीं ‘शेक’ हा शब्द एकोणिसाव्या शतकांत इंग्रजांकडून उसना घेतला, व १८६५ सालीं त्याविषयीं कायदा केला. म्हणजे शब्दाचा प्रवाह लंडनहून युरोपांत गेला आहे, युरोपांतून लंडनास आलेला नाहीं. उलटपक्षीं इंग्रजींतला शहापासून स्थळप्रतीपर्यंतचा मार्ग पायरीपायरीनें दाखवितां येतो. अशा वेळीं नुसत्या ध्वनिसाम्याला साक्षीस बोलावणें योग्य नव्हे. नाहींतर चेक नांवाच्या मध्य युरोपांतील राष्ट्रासही कोणी बँकेचें मूळ म्हणेल.

ध्वनिसाम्य किती फसवितें याचें उदाहरण आपल्या शेजारींच आहे. बादशहांतील ‘शहा’ फारशी; पण गुजराती वाण्यांचें ‘शहा’ हें आडनांव संस्कृत ‘साधु’पासून, ‘साहु’च्या वाटेनें आलेलें आहे. एकच पाटी लावलेलीं दोन दुकानें, मालक वेगळे. यांतील दुसऱ्या शहाच्या पेढीवर हुंडी चाले, पहिल्या शहाचें नांव चेकवर चालतें, आणि मुंबईच्या एकाच रस्त्यावर दोघांचा व्यवहार कित्येक वर्षें शेजारीं शेजारीं झाला.

हुंडीचें नांव निघालें म्हणून तिच्याविषयीं दोन शब्द. दर्शनी हुंडी दाखवितांच पैसे द्यावे लागत, मुदती हुंडीचे मुदत भरल्यावर. आणि तिच्या चालीरीती सावकारांत इतक्या पक्क्या होत्या कीं १८८१ सालचा परक्राम्य दस्तऐवजांचा कायदा करतांना सरकारनें देशी भाषांतील अशा कागदांबाबतचे स्थानिक रिवाज राखून ठेवले. त्याच कायद्यांत चेकची व्याख्या आहे: विशिष्ट बँकेवर काढलेली व मागतांच देय असलेली हुंडी. व्यवहारदृष्ट्या चेक आणि दर्शनी हुंडी हीं सख्खीं भावंडें ठरतात. म्हणून चेकची चाल आमच्याकडून गेली असें म्हणावयास कोणी पुढें सरसावेल, तर त्यालाही तोच प्रश्न विचारला पाहिजे जो सक्कवाल्यांना विचारला: वाटेवरचीं पावलें दाखवा. सारख्या गरजेंतून सारखी युक्ति निरनिराळ्या देशांत सुचूं शकते. आपला वाटा आपण जेवढा आहे तेवढा घ्यावा. खेळ आपला, शब्द इराणचा, ‘चेक’ हें रूप फ्रान्सच्या मार्गानें आलेलें, आणि त्याला पैशाचा अर्थ इंग्लंडनें दिला. यांत उणेपणा कोणालाच नाहीं.

एका अर्थाकडे अजून वळावयाचें आहे, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. अठराव्या शतकांतील इंग्रजी राजनीतींत ‘चेक’ म्हणजे एका सत्तेचा दुसऱ्या सत्तेवरील दाब. १७८७ सालीं अमेरिकेची घटना रचणाऱ्यांपुढें हा विचार सारखा होता: अध्यक्षानें कायदा नाकारावा, विधिमंडळानें मोठ्या बहुमतानें तो पुन्हां संमत करावा, आणि अध्यक्षावरही विधिमंडळानें दोषारोप ठेवावा. कोणीही एकानें मोकाट सुटूं नये म्हणून केलेली ही शह-काटशहांची रचना आहे, आणि तिचें इंग्रजी नांव या शब्दावांचून पुरें होत नाहीं. सत्ता आवरण्याला ज्या शब्दानें ओळखतात तो शब्द ‘राजा’ असाच होता, हें शब्दाच्या इतिहासांत केवळ चमत्कार म्हणून सोडून देण्यासारखें नाहीं. बाराव्या शतकांतल्या त्या काळ्या कापडाभोंवतीं राजाचे नोकर राजाच्या पैशाचा जाब देत. पुढें सतराव्या शतकांत पार्लमेंटनें पैशाचाच प्रश्न हातीं धरून राजाला जाब विचारला. हिशेब मागणें आणि आवर घालणें या दोन गोष्टी एका शब्दांत राहिल्या, कारण व्यवहारांत त्या वेगळ्या नव्हत्याच.

कागदी चेकचे दिवस आतां सरत आले आहेत. भ्रमणध्वनीवरून पैसे पाठविणाऱ्या पिढीला स्थळप्रत कशास म्हणतात हें सांगावें लागतें. ब्रिटनमध्यें २०१८ पर्यंत चेक अजिबात बंद करण्याचें ठरलें होतें. वृद्ध ठेवीदारांच्या बाजूनें ओरड झाली, आणि २०११ सालीं तो बेत मागें घ्यावा लागला. आपल्याकडे सरकारी मराठींत त्याला ‘धनादेश’ हें डौलदार नांव मिळालें आहे, पण तें अर्जावर शोभतें, घरांत चेकच.

बुद्धिबळाला मात्र सध्यां महाराष्ट्रांत बहर आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखनें २०२५ सालीं महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून तर लहान मुलांचे वर्ग भरून वाहत आहेत. या वर्गांत मुलें ‘शह’ म्हणत नाहींत, ‘चेक’ म्हणतात. म्हणजे सहासातशें वर्षें परदेशांत कचेऱ्या व पेढ्या हिंडून आलेला तो भाऊ आतां घरच्या भावाला उठवून पटावर बसला आहे. तेंही फार दिवस टिकेलसें दिसत नाहीं. मुलें जरा तयार होऊन स्पर्धांत उतरलीं कीं शिक्षक त्यांना सांगतात, तोंडानें कांहीं म्हणावयाचें नाहीं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें राजाला सावध करण्याचें बंधन नाहीं, ज्याचा राजा त्यानें पाहून घ्यावें.